व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला न्यूमोनियाच झालाय, हे तुम्ही कशावरून ठरवता?

निशाचर

आयसीयूवाल्यांसाठी धागा काढतेय, पण ज्यांचं माणूस कधी व्हेंटिलेटरवर होतं त्यांनीही बिनधास्त लिहा.

श्वासनळीत ट्यूब टाकून ४८ तास उलटल्यावर जो न्यूमोनिया होतो तो व्हॅप, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. भांडण पुढे आहे. पेशंटला ताप चढतो, पांढऱ्या पेशी वाढतात, ट्यूबमधून घट्ट पिवळं यायला लागतं, पोर्टेबल एक्स-रेत खाली कुठेतरी पांढरट दिसतं. मग फाइलीत कुणीतरी 'व्हॅप?' असं लिहितं. पुढच्या राउंडपर्यंत ते प्रश्नचिन्ह गळून पडतं, मेरोपेनेमसारखं तगडं अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं, त्याच्या पुढच्या राउंडला कोलिस्टिनही, आणि मग बंद करायची हिंमत कुणालाच होत नाही, कारण पेशंट सुधारला तर औषधाने सुधारला आणि नाही सुधारला तर आता औषध कसं काढणार.

तर प्रश्न दोन. न्यूमोनियाच आहे हे ठरवता कशावरून? आणि थांबता कधी? माझं मत आधीच सांगते म्हणजे झोडायला सोपं जाईल: पहिला प्रश्न आपण नीट विचारत नाही म्हणून दुसरा अवघड होऊन बसतो.

वाचनमात्र

जागा पकडून ठेवतो.

फुप्फुसवाला

चांगला धागा. झोडत नाही, उलट तेल ओततो.

एक्स-रेत नवीन सावली, आणि त्यासोबत ताप, वाढलेल्या पांढऱ्या पेशी आणि पूसारखा कफ या तीनपैकी दोन, हा आपला जुना फॉर्म्युला. १९९९ साली स्पेनमधल्या लोकांनी व्हेंटिलेटरवर गेलेल्या २५ पेशंटांच्या फुप्फुसाचे तुकडे मृत्यूनंतर लगेच तपासून हा फॉर्म्युला ताडून पाहिला. सेन्सिटिव्हिटी ६९ टक्के आणि स्पेसिफिसिटी ७५. म्हणजे खरा न्यूमोनिया असलेल्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा सुटला, आणि नसलेल्यांपैकी पाव लोकांवर शिक्का बसला. पेशंट अगदी थोडे होते, मान्य, पण फुप्फुसाचा तुकडा हातात घेऊन केलेली तुलना रोज रोज होत नाही.

आता ती पांढरी सावली काय काय असू शकते बघा. कफाचा बूच बसून फुप्फुसाचा तुकडा मिटलेला, पाणी साचलेलं, एआरडीएस (फुप्फुसाला आलेली गंभीर सूज), प्ल्युरल इफ्युजन (फुप्फुसाभोवती साचलेलं पाणी), रक्तस्राव, कधी फुप्फुसातली रक्ताची गुठळी. पेशंट आडवा, श्वास पूर्ण भरलेला नाही, मशीन पायाशी ढकलत आणलेलं, त्यात कालचा फोटो बसवून काढला आणि आजचा झोपवून. असे दोन फोटो शेजारी लावून 'वाढलंय' म्हणणं धाडसाचंच काम. आणि तापाची कारणं तर विचारूच नका, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), लघवी, सायनस, पित्ताशय, औषधाची रिअ‍ॅक्शन, पायातली गुठळी.

मी स्वतः ऑक्सिजनकडे बघतो. पीप (श्वास सोडल्यावरही मशीन छातीत ठेवतं तो दाब) आणि एफआयओटू (दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) दोन दिवस स्थिर होते किंवा उतरत होते आणि आता चढवावे लागतायत का? ताप आहे, कफ आहे, पण पेशंट ३५ टक्के ऑक्सिजनवर मजेत आहे, तर मी आधी दुसरीकडे शोधतो. अल्ट्रासाउंडचा प्रोबही हाताशी ठेवावा. घट्ट झालेल्या फुप्फुसात श्वासाबरोबर हवेचे ठिपके नळीतून सरकताना दिसले तर निदान नुसता बूच बसलेला नाही एवढं कळतं.

पेट्रीडिश

मी लॅबच्या बाजूची, म्हणजे तुमच्या सगळ्यांचे कफ माझ्याकडे येतात.

ट्यूब टाकून काही दिवस झाले की तिच्या आतून बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, चढतो. मग त्यातून ओढलेल्या नमुन्यात काहीही वाढलं नाही तरच नवल. मोरीच्या जाळीवरचा नमुना घेऊन 'घरात जंतू आहेत' म्हणण्यातला प्रकार. रिपोर्टवर सूडोमोनास हा जंतू आला म्हणून न्यूमोनिया होत नाही. आधी न्यूमोनिया असायला हवा, मग सूडोमोनास हे त्याचं उत्तर.

म्हणून तर मोजणीच्या रेषा आखल्या. ट्यूबमधून ओढलेला कफ असेल तर मिलिलिटरला १,००,००० कॉलनी, बाल (फुप्फुसात थोडं पाणी सोडून परत ओढणं) केलं असेल तर १०,०००, झाकलेल्या ब्रशने घेतलेला असेल तर १,०००. पण रेषेच्या जरा अलीकडे आलं म्हणजे आजार नाही असं नसतं, आधी अँटिबायोटिक पडलेलं असेल तर आकडा आपोआप खाली येतो. इथेच सगळ्यांचं घोडं अडतं. पहिला डोस आधी, नमुना सकाळी. का? रात्री दोन वाजता कफ घेता येत नाही का?

उलट बाजूही सांगते, ती कुणी वापरत नाही. गेल्या ७२ तासांत अँटिबायोटिक बदललेलं नाही, नमुना नीट घेतलाय आणि काहीच वाढलं नाही, तर व्हॅप नसण्याकडे पारडं जोरात झुकतं. निगेटिव्ह कल्चर हासुद्धा रिपोर्टच असतो हो.

आणि हात जोडून विनंती: कफात कँडिडा आला म्हणून फंगसचं औषध चालू करू नका. तो तिथे राहायलाच येतो.

जुनाखोकला

>>कँडिडा आला म्हणून

फ्लुकोनाझोलच्या कंपनीचे लोक हा धागा वाचत नसावेत अशी आशा.

सिस्टर_म्हणे

डॉक्टर लोक एक्स-रेवर तासभर भांडतात, माझ्या चार्टवर दर सक्शनला कफ किती, कसला रंग, किती घट्ट हे लिहिलेलं असतं ते कोण वाचतं? कफ पिवळा आहे याला अर्थ कमी, काल चार तासांनी सक्शन लागत होतं आणि आज तासाला लागतंय याला अर्थ जास्त. राउंडला 'सिक्रीशन्स कसे आहेत' विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्या बेडवर.

बाकी निदानावर एवढं डोकं लावताय तर होऊच नये यावरही थोडं बोला. डोकं ३० ते ४५ अंश वर, हे सगळ्यांना पाठ असतं पण पेशंट घसरून खाली आलेला असतो आणि पलंगाचा कोन बरोबर दाखवतो. कफचं प्रेशर २० ते ३० सेंटिमीटर पाणी, ते मीटर लावून बघायचं, फुगा बोटाने चाचपून नाही. कफच्या वर साचलेली घाण ओढायची वेगळी वाट असलेली ट्यूब ज्यांना बरेच दिवस लागणार त्यांना टाका. आणि सर्किट ठरल्या दिवशी बदलायची गरज नसते, घाण झाली किंवा बिघडली तरच. उगाच उघडबंद केलं की सगळं पाणी पेशंटच्या छातीत.

(कफ म्हणजे ट्यूबचा फुगा. वरच्या पॅरातला कफ वेगळा. समजून घ्या.)

जुनाखोकला

दोन्ही कफ एका प्रतिसादात, वा ताई.

फिजिओबाई

सिस्टरला +१. बूच बसून मिटलेलं फुप्फुस आमच्या हाताखालून चार-सहा तासांत उघडलेलं कितीदा पाहिलंय, आणि संध्याकाळी नोट काय तर 'अँटिबायोटिकला उत्तम प्रतिसाद'. अहो एक डोस गेला होता.

न्यूमोनिया चार तासांत जात नाही. सावली इतक्या पटकन आली आणि गेली तर ती बहुधा मिटलेल्या फुप्फुसाची किंवा पाण्याची. एवढं एक लक्षात ठेवलं तरी बरीच औषधं वाचतील.

शंकेखोर

पेट्रीडिश, मोजणीच्या रेषांवर माझा पहिल्यापासून अविश्वास. २००० साली फ्रान्समधून ४१३ पेशंटांचा ट्रायल आला, ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनळीत दुर्बीण घालणं) करून मोजणी केली तर अँटिबायोटिक कमी लागली आणि १४ दिवसांतले मृत्यूही कमी. सगळे स्कोप घेऊन धावले. मग २००६ साली कॅनडावाल्यांनी ७४० पेशंटांवर बाल विरुद्ध साधा ट्यूबमधला कफ करून पाहिलं, २८ दिवसांच्या मृत्यूंत फरक नाही, अँटिबायोटिकच्या वापरातही नाही. मग स्कोप कशाला? ऑक्सिजन आधीच कमी असलेल्या पेशंटच्या छातीत पाणी सोडायचं आणि रिझल्ट तोच.

पेट्रीडिश

>>अँटिबायोटिकच्या वापरातही नाही

कॅनडाच्या ट्रायलमध्ये सूडोमोनास किंवा एमआरएसए (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस) आधीपासून अंगावर आहे असं माहीत असलेले पेशंट घेतलेच नव्हते. म्हणजे ज्यांच्यात घोळ होतो तेच बाहेर. त्यावरून सगळ्यांना नियम लावणं मला पटत नाही.

आणि मार्गदर्शक सूचनांतही एकवाक्यता कुठे आहे? २०१६ ची अमेरिकन म्हणते ट्यूबमधला कफ, सेमीक्वांटिटेटिव्ह (ढोबळ मोजणीचं) कल्चर, पुरे. २०१७ ची युरोपियन म्हणते शक्यतो फुप्फुसात खोलवरून नमुना घ्या आणि मोजा. दोघांनाही पुरावा कच्चा आहे हे मान्य आहे. मी म्हणेन की कसाही घ्या पण आधी घ्या, आणि ग्रॅम स्टेन (नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरणं) बघा. नमुन्यात तोंडातल्या चपट्या पेशी खच्चून भरल्या असतील तर ती लाळ आहे, मी परत पाठवणार.

शंकेखोर

ग्रॅम स्टेनला मात्र मान्यता. जपानमध्ये त्यावर ट्रायल झालाय, २०२२ चा, ग्रॅम स्टेन बघून औषध निवडलं तर परिणाम मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिलेल्या औषधांइतकाच, आणि सूडोमोनासची व एमआरएसएची औषधं कमी लागली. काचपट्टी आणि थोडा रंग. पण मल्टिप्लेक्स पीसीआरचं मशीन आलं की सगळे तिकडे. ते मशीन तासाभरात जंतू आणि रेझिस्टन्सची जीन सांगतं हे खरं, पण तो जंतू आजार करतोय की नुसता राहतोय हे त्यालाही कळत नाही.

बाहेरच्याखुर्चीवर

मी डॉक्टर नाही. माझे वडील व्हेंटिलेटरवर होते, बरे होऊन घरी आले. मधे एक दिवस आम्हाला सांगितलं 'इन्फेक्शन झालंय' आणि बस. कुठून झालं, आत येताना नव्हतं मग झालं कसं, कुणी धड बोलेना. आम्ही आठवडाभर हेच धरून बसलो की कुणीतरी हात धुतले नसणार. तुमचं वाचून वाटतंय की इन्फेक्शन झालं होतं का हेच कदाचित नक्की नव्हतं?

फुप्फुसवाला

>>इन्फेक्शन झालं होतं का हेच कदाचित नक्की नव्हतं

असू शकतं, आणि हे नातेवाइकांना सांगायला आम्हाला जड जातं. 'बहुधा न्यूमोनिया आहे, खात्री नाही, औषध सुरू केलंय, दोन-तीन दिवसांनी कल्चर बघून ठरवू' हे वाक्य बोलायला अर्धा मिनिट लागतो.

कसं होतं ते सांगतो. ट्यूब असली की खोकला जातो, गिळणं जातं, घशात साचलेली लाळ फुग्याच्या कडेने थेंब थेंब खाली उतरते. त्या लाळेत आजारी माणसाच्या तोंडातले जंतू काही दिवसांत बदललेले असतात, क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, सूडोमोनास येऊन बसतात. हात न धुणं हे त्यात नक्की भर घालतं, ते नाकारत नाही. पण सगळं बरोबर करूनही होतो. खरा उपाय म्हणजे ट्यूब लवकर निघणं. रोज गुंगी कमी करून बघा, रोज स्वतःच्या श्वासावर सोडून बघा.

आकडेमोड

सगळं बरोबर करूनही होतो असं म्हणताय, पण काही युनिट 'आमच्याकडे व्हॅप शून्य' असा बोर्ड लावतात. व्याख्याच इतकी सैल आहे की शून्य आणायला पेशंट सुधारावा लागत नाही, एक्स-रे वाचणारा बदलला तरी भागतं. यालाच वैतागून अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्यसंस्था) २०१३ मध्ये एक्स-रे बाहेर काढला आणि व्हेंटिलेटरचे आकडे धरले: दोन दिवस स्थिर असलेल्या पेशंटचा पीप ३ ने किंवा एफआयओटू २० टक्क्यांनी वाढवावा लागला आणि दोन दिवस तसाच राहिला तर घटना मोजायची. ते फक्त मोजण्यासाठी आहे, पलंगाशेजारी औषध ठरवायला नाही. तरी लोक गल्लत करतातच.

माउथवॉश

मग क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने तोंड पुसायचं की नाही? आमच्याकडे दिवसातून तीनदा.

सिस्टर_म्हणे

ब्रश करा. २०२२ च्या अमेरिकन प्रतिबंधाच्या सूचनांत ब्रश आवश्यकमध्ये आहे आणि क्लोरहेक्सिडिन सरसकट नको मध्ये गेलंय.

माउथवॉश

आयडी बदलावा लागणार.

आकडेमोड

प्रोबायोटिकचंही तेच. २०२१ मध्ये २,६५० पेशंटांचा ट्रायल झाला, व्हॅप कमी झाला नाही. याउलट २०२३ मध्ये फ्रान्समध्ये व्हेंटिलेटरवर तीन दिवस झालेल्यांना तीन दिवस अमिकासिनची वाफ दिली, तर व्हॅप २२ टक्क्यांवरून १५ वर आला, पण मृत्यू तेवढेच. न्यूमोनिया घटतो आणि मृत्यू घटत नाहीत, हे या विषयात फार वेळा दिसतं. त्यावरून मला शंका येते की आपण टाळतोय ते सगळे खरे न्यूमोनिया होते का.

शंकेखोर

हे माझं वाक्य होतं.

गोळीबार

क्लिनिकल फार्मसीतून. निदानावर तुम्ही लढा, औषधावर मी बोलतो.

पहिलं औषध पुस्तकातून घेऊ नका, स्वतःच्या आयसीयूच्या अँटिबायोग्रॅमवरून (कुठल्या जंतूवर कोणतं औषध चालतं त्याचा तक्ता) घ्या. रेझिस्टंट जंतूंचा संशय कधी धरायचा? गेल्या ९० दिवसांत शिरेतून अँटिबायोटिक, न्यूमोनिया झाला तेव्हा शॉक, त्याआधी एआरडीएस, आधीच पाच किंवा जास्त दिवस अ‍ॅडमिट, किंवा डायलिसिस. यातलं काही नसेल आणि युनिटमध्ये रेझिस्टन्स कमी असेल तर सूडोमोनास मारणारं एकच बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या कुळातलं औषध) पुरतं. नाकाच्या स्वॅबमध्ये एमआरएसए नाही आला तर व्हँकोमायसिन लवकर काढून टाकायला तो चांगला आधार.

काही औषधं न्यूमोनियात नकोतच. डॅप्टोमायसिन फुप्फुसातल्या सर्फॅक्टंटमध्ये (आतला साबणासारखा थर) निकामी होतं, रिपोर्टवर कितीही सेन्सिटिव्ह दिसो. टायगेसायक्लिनचे व्हॅपमधले निकाल वाईट आहेत, मृत्यू जास्त दिसल्यावर अमेरिकेच्या एफडीएने इशाराही दिला होता. कोलिस्टिन शिरेतून दिलं तर फुप्फुसात पोचायला कुरकुरतं आणि किडनीत मात्र धावत जातं, दुसरं काही चालत असेल तर त्याला हात लावू नका. कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरसाठी सल्बॅक्टम-ड्युरलोबॅक्टमला २०२३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालीय, मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज हे औषध तोडणारं एन्झाइम असलेल्या क्लेब्सिएलासाठी सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टमबरोबर अ‍ॅझट्रिओनम असा मार्ग आहे. पण ही औषधं जंतू हातात आल्यावर. तापाचं औषध म्हणून नाही.

आणि डोस! तरुण, डोक्याला मार लागलेला पेशंट असेल तर त्याची किडनी मेरोपेनेम इतक्या वेगाने फेकते की नेहमीचा डोस अर्ध्या वाटेत संपतो. तीन-चार तास चालणारं इन्फ्युजन लावा. लोक 'औषध लागू पडत नाही' म्हणून बदलतात, ते पोचतच नसतं.

निशाचर

गोळीबार, धन्यवाद. आता दिवस किती ते पण सांगा, ती माझी दुखरी नस आहे. आमच्याकडे १४ दिवस ही दगडावरची रेघ आहे.

गोळीबार

ती रेघ २००३ मध्येच पुसली गेली. फ्रान्समधल्या ५१ आयसीयूंत ४०१ पेशंट, ८ दिवस विरुद्ध १५, मृत्यूंत फरक नाही. फक्त सूडोमोनाससारखे जंतू असलेल्यांत ८ दिवसांच्या गटात परत इन्फेक्शन जास्त दिसलं, ४०.६ टक्के विरुद्ध २५.४, आणि गेली वीस वर्षं लोक त्या एका आकड्याला लटकून सगळ्यांना दोन आठवडे देतायत. २०१६ च्या सूचनेत ७ दिवस आहे, सूडोमोनासलाही. २०२४ मध्ये नेपाळ, सिंगापूर आणि थायलंडमधला ट्रायल आला, तो मला जास्त आवडतो कारण त्यात रेझिस्टंट जंतू भरपूर होते. ताप उतरून ४८ तास झाले, बीपी स्थिर, की ७ दिवसांच्या आत बंद. ६० दिवसांत मृत्यू किंवा परत न्यूमोनिया जास्त झाले नाहीत, आणि औषधाचे दुष्परिणाम ८ टक्के, नेहमीच्या गटात ३८.

प्रोकॅल्सिटोनिन ही रक्ताची तपासणी औषध थांबवायला मदत करते. सुरू करायला नाही.

फुप्फुसवाला

सातव्या दिवशी पेशंट सुधारलेला नसेल तर मात्र कॅलेंडर बघून बंद करू नका आणि आंधळेपणाने पुढेही ढकलू नका. एम्पायमा (फुप्फुसाभोवती साचलेला पू) आहे का, अ‍ॅब्सेस (फुप्फुसातलं गळू) आहे का, मुळात न्यूमोनिया होता का, हे परत बघा. सीटी करा. आणि कफ दर दोन दिवसांनी परत कल्चरला पाठवू नका, त्यात काहीतरी येणारच आणि तुम्ही त्याच्या मागे लागणार.

पेट्रीडिश

शेवटचं वाक्य फ्रेम करून आयसीयूच्या दारावर लावा.

निशाचर

धागा वर काढतेय. बरंच भांडून झालं पण माझ्या पहिल्या प्रश्नाचा अवघड भाग राहिलाच. समजा खात्री नाहीये. ५०-५० आहे. थांबायचं का? थांबलो आणि खरा निघाला तर? उशिरा योग्य औषध मिळालेल्यांत मृत्यू जास्त असतात हे वर्षानुवर्षं ऐकतोय.

शंकेखोर

ते निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, आणि त्यातले पेशंट खरोखर व्हॅप असलेलेच होते. ज्यांना नव्हताच आणि तरी औषध मिळालं त्यांचं काय झालं ते त्यात येत नाही. २०१२ मध्ये एका सर्जिकल आयसीयूने एक वर्ष संशय येताच औषध आणि एक वर्ष पुरावा आल्यावरच औषध असं केलं, शॉकमधले सोडून. थांबलेल्या वर्षात मृत्यू कमी होते. रँडमाइज्ड नाही, आधी-नंतरची तुलना आहे, त्यामुळे त्यावर घर बांधणार नाही. पण थांबलं की पेशंट गेला, ही भीती त्याने बरीच सैल केली.

फुप्फुसवाला

माझी पद्धत सांगतो. बीपी पडतंय, रक्तातलं लॅक्टेट वाढतंय किंवा ऑक्सिजन झपाट्याने बिघडतोय, तर नमुना घ्या आणि तासाभरात औषध द्या, जास्तीत जास्त जंतूंवर चालणारंच. वाद नको. पेशंट स्थिर आहे, ताप आणि कफ एवढंच आहे, ऑक्सिजन तोच आहे, तर नमुना घ्या, लाइन बघा, फिजिओ करा, अल्ट्रासाउंड करा, पण औषध नाही. दर सहा तासांनी परत बघा. यातला 'परत बघा' हा भाग होणार नसेल, रात्री एक रेसिडेंट आणि वीस बेड असतील, तर औषध सुरू करणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण मग फाइलीत त्याच वेळी लिहा की ४८ ते ७२ तासांनी कोण आणि काय बघून हे बंद करणार. मी तर तारीख लिहायला लावतो.

सिस्टर_म्हणे

आणि आम्हाला सांगा. तारीख उलटली की मी राउंडला ओरडेन, माझं मला काय, आवाज मोठा आहे.

निशाचर

हे करता येईल. आजपासून प्रश्नचिन्हाच्या शेजारी तारीख. ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन बसवलेली नळी) होऊन महिना झालेल्या पेशंटला पण हेच लावायचं का? त्यांचा कफ कायम पिवळाच असतो.

पेट्रीडिश

हेच, फक्त कल्चरवर अजून कमी विश्वास ठेवून. आणि फॉर्मवर ट्रॅकिओस्टॉमी आहे ते, शिवाय आधीचं अँटिबायोटिक कोणतं आणि शेवटचा डोस कधी, हे लिहा. ती जागा नेहमी कोरी येते.